आईच्या मांडीवरची शाळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



परप्रांतात एखादी मराठी संस्था पन्नास वर्षे चालवणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. गणेशोत्सव, कोजागिरी, संक्रांतीचे हळदीकुंकू, वाचनालयाची चार कपाटे आणि हौशी मंडळींनी बसवलेले एखादे नाटक, एवढ्या भांडवलावर तीन पिढ्या एकत्र राहिल्या. बदल्या झाल्या, माणसे आली आणि गेली, पण मंडळाचा दिवा विझला नाही. ज्यांनी तो तेवत ठेवला त्यांना प्रथम वंदन करतो आणि मग विषयाकडे वळतो.

‘ख्रिस्ती बालशिक्षणामागील तत्त्वज्ञान’ हा विषय महाराष्ट्र मंडळाच्या व्यासपीठावरून ऐकताना काहींना नवल वाटेल. वस्तुतः तो आपल्या घरचाच विषय आहे. या सभागृहातील बहुतेक कुटुंबांतील मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी ज्या शाळेत गेले, तिच्या नावात एखाद्या संताचे नाव किंवा ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द होता. तो नसला तर ‘के. जी.’ ही दोन अक्षरे तरी होतीच. यातील ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे ख्रिस्ती भगिनींचा मठ, आणि ‘के. जी.’ म्हणजे किंडरगार्टन, एका जर्मन धर्मोपदेशकाच्या मुलाने योजिलेला ‘बालकांचा बगीचा’. हे शब्द आपण घरात आणले, त्यांच्यासाठी रांगा लावल्या, देणग्या दिल्या. परंतु ज्या विचारातून हे शब्द जन्मले, तो विचार आपण घरात आणला का, हा आजचा माझा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की तो विचार आपण उंबऱ्याबाहेरच ठेवला, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत आपल्यासारख्या, घरापासून दूर असलेल्या कुटुंबांतील मुले मोजत आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ख्रिस्ती परंपरेत बालकाविषयी एकच एक मत कधीच नव्हते. मार्काच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. लोक आपली मुले येशूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात, आणि येशू मुलांवर न रागावता शिष्यांवर रागावतो. मोठ्यांनी लहानांपासून शिकावे, हा या प्रसंगाचा आशय. परंतु याच परंपरेत दुसरा प्रवाहही होता. मनुष्य पापात जन्मतो, तेव्हा मुलाची हट्टी इच्छा आधी मोडली पाहिजे, असे मानणारा तो प्रवाह. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांची आई सुझाना हिने १७३२ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात आपल्या संगोपनाची रीत सांगितली आहे. मुलाची इच्छा लवकरात लवकर जिंकून घेणे हा तिचा पाया होता. ती माउली निष्ठुर नव्हती. आपल्या मुलांच्या आत्म्याची तिला चिंता होती. तथापि शाळेतली छडी आणि कोंडवाड्यासारखा वर्ग यांना याच विचारातून धार्मिक आधार मिळत गेला. आपण मिशनच्या शाळांची ‘शिस्त’ म्हणून जी वाखाणतो, ती बहुधा या दुसऱ्या प्रवाहातली असते. मला आज बोलायचे आहे ते पहिल्या प्रवाहाविषयी.

या प्रवाहाचा मूळ पुरुष योहान आमोस कोमेनियस. त्याचा जन्म १५९२ साली मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात झाला. तो ‘बंधुसंघ’ या छोट्या प्रॉटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक होता आणि पुढे त्याचा बिशप झाला. तीस वर्षांच्या युद्धाने त्याचे सर्वस्व हिरावून घेतले. साथीच्या रोगात पत्नी आणि दोन मुले गेली, आणि १६२८ मध्ये स्वधर्मीयांच्या जथ्याबरोबर मायभूमी सोडून त्याला पोलंडमधील लेश्नो या गावी आश्रय घ्यावा लागला. १६५६ मध्ये ते गावही जळाले आणि त्यात अनेक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते भस्म झाली. १६७० मध्ये तो आमस्टरडॅममध्ये परदेशीच मरण पावला. मातृभूमीचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही.

अशा या निर्वासिताने लेश्नोला आल्यावर, १६३० च्या आगेमागे, एक लहानसे पुस्तक लिहिले: आईबापांसाठी मातृशाळेची मार्गदर्शिका. पंडितांची भाषा लॅटिन असताना ते त्याने आपल्या चेक भाषेत लिहिले, कारण ते ज्यांच्यासाठी होते ती त्याच्यासारखीच परमुलखात विखुरलेली कुटुंबे होती. १६३३ मध्ये त्याची जर्मन आवृत्ती छापली गेली. मूळ चेक हस्तलिखित मात्र एकोणिसाव्या शतकात उजेडात आले. जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंतच्या शिक्षणाला वाहिलेला युरोपातील हा पहिला व्यवस्थित ग्रंथ मानला जातो. तो घरापासून दूर असलेल्या माणसाने, घरापासून दूर असलेल्या माणसांसाठी लिहिला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

या ग्रंथाची भूमिका सरळ आहे. मूल ही ईश्वराने आईबापांच्या हाती दिलेली ठेव आहे. सोन्यारुप्याची ठेव आपण जपतो. ही तर जिवंत, चिरंतन ठेव. मालक आपण नव्हे, आपण विश्वस्त आहोत. म्हणून मुलाला आपल्या महत्त्वाकांक्षेच्या साच्यात ओतण्याचा अधिकार आपल्याला नाही. कोमेनियसच्या धर्मश्रद्धेतून निघालेला हा सिद्धांत, आणि त्याच्या पुढची सारी शिक्षणपद्धती या एका वाक्याचा विस्तार आहे.

त्याने शिक्षणाचे सहा-सहा वर्षांचे चार टप्पे कल्पिले. प्रत्येक घरी आईच्या मांडीवरची शाळा, प्रत्येक गावी मातृभाषेची शाळा, प्रत्येक नगरात लॅटिन शाळा आणि प्रत्येक प्रांतात विद्यापीठ. मांडीवरच्या या शाळेत पुस्तक नाही, परंतु अभ्यासक्रम आहे आणि तो पाहून मन थक्क होते. पाणी, माती, पाऊस, दगड ओळखणे हे मुलाचे पदार्थविज्ञान. उजेड, अंधार आणि रंग ओळखणे हे प्रकाशशास्त्र. सूर्य, चंद्र, तारे हे खगोल. आपला डोंगर, ओढा, शेत हा भूगोल. काल काय झाले, परवा कोण आले होते, हे आठवणे म्हणजे इतिहासाचा आरंभ. थोडे आणि पुष्कळ यांतला भेद व दहा-वीसपर्यंतची मोजणी हे गणित. लांब-आखूड, रुंद-अरुंद ही भूमिती. ज्ञानाच्या कोणत्याही शाखेचे बीज असे नाही, की जे सहा वर्षांच्या आत, खेळता खेळता, आईच्या बोलण्यातून पेरता येणार नाही.

सहा वर्षांच्या आत मुलाला शाळेत धाडू नये, असे त्याचे मत होते. एवढ्या लहान जिवाला जी देखरेख लागते ती अनेक मुले सांभाळणारा शिक्षक देऊ शकत नाही. दुसरी सूचना आपल्या घराघरांत डकवण्यासारखी आहे: शाळेची आणि शिक्षकाची भीती मुलाला घालू नका. ‘थांब, मास्तरांनाच सांगते’ हे वाक्य चार शतकांपूर्वीच्या मोराव्हियन आयाही बोलत असाव्यात, नाहीतर त्याला हा इशारा द्यावा लागला नसता.

आणि भाषेविषयी? आपल्या ‘महाशिक्षणशास्त्र’ या ग्रंथात तो म्हणतो, की मातृभाषा पक्की होण्यापूर्वी परभाषा शिकवणे म्हणजे चालता येत नसलेल्या मुलाला घोड्यावर बसायला शिकवणे. घोड्याला त्याचा विरोध नव्हता. लॅटिन सुलभतेने शिकवणारी त्याची पुस्तके युरोपभर गाजली आणि १६५८ मध्ये त्याने चित्रांतून भाषा शिकवणारे प्रसिद्ध सचित्र पुस्तक काढले. परभाषेचा एवढा मोठा शिक्षक मातृभाषेला अग्रक्रम देतो, तेव्हा त्यात भावनेपेक्षा अनुभव बोलत असतो.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फ्रान्सच्या व्होज पर्वतात ओबर्लिन नावाचा एक ल्यूथरपंथी पाद्री अठराव्या शतकात राहत होता. मुलूख दरिद्री, रस्ते नाहीत, आईबाप दिवसभर राबायला गेलेले. सारा बांझे या गावातल्या मुलीने लहान मुलांना जमवून विणकाम शिकवण्यास आरंभ केला होता. १७७० च्या सुमारास ओबर्लिनने तिच्या कामाला आधार दिला आणि अशा विणकामाच्या बालशाळा खोऱ्यातल्या गावांतून निघाल्या. हातात सुया, भिंतीवर पशुपक्ष्यांची आणि बायबलमधील कथांची चित्रे, आणि मध्येच रानात फिरून वनस्पतींची ओळख. मुले घरी गावठी बोली बोलत. शाळेत त्यांना शुद्ध फ्रेंच नावे शिकवली जात, कारण त्या भाषेवाचून खोऱ्याबाहेरचे जग त्यांना बंद होते. म्हणजे इंग्रजीसाठी धडपडणारे आजचे आईबाप काही तरी विपरीत करीत आहेत असे नव्हे. परंतु ओबर्लिनच्या शाळेत नवी भाषा फुलाला हात लावून, चित्र पाहून, गाणे म्हणून येई. ती घोकंपट्टीतून आली नाही, आणि आईच्या बोलीची लाज वाटायला लावून तर नाहीच नाही.

आता ‘के. जी.’चा जनक. फ्रीड्रिख फ्रोबेल १७८२ साली थुरिंगियातील एका ल्यूथरपंथी पाद्र्याच्या घरी जन्मला. तो नऊ महिन्यांचा असताना आई वारली. आईवाचून वाढलेल्या या माणसाने पुढे जगभरच्या आयांना मुलांशी कसे खेळावे हे शिकवावे, यात नियतीचा काही संकेत असेल. १८२६ मध्ये त्याने ‘मानवाचे शिक्षण’ हा ग्रंथ लिहिला. सर्व वस्तूंत एकच ईश्वरी नियम वास करतो. दगडात, रोपात, मुलात तोच आहे. आणि आपल्या आतील हे तत्त्व बाहेर प्रकट करणे हेच प्रत्येक वस्तूचे जीवितकार्य. मग मूल ते कसे प्रकट करते? खेळातून. आपल्याला वेळ घालवणे वाटते तो खेळ फ्रोबेलच्या दृष्टीने बालवयातील सर्वांत पवित्र व्यापार आहे. उपनिषदांच्या देशातील श्रोत्यांना हा विचार परका वाटू नये.

१८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. मुलांच्या हाती देण्याच्या वस्तूंना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी लोकरीचे सहा रंगीत मऊ चेंडू. दुसरी लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. तिसरी आठ लहान ठोकळ्यांत विभागणारा एक घन, म्हणजे पूर्णाचे भाग करा आणि भागांचे पुन्हा पूर्ण करा. मग कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम. बागेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा आणि सर्वांचा मिळून एक सामायिक वाफा. १८४४ मध्ये त्याने आया आणि मुलांसाठी गाण्यांचे पुस्तक काढले; बोटांचे खेळ, मांडीवरचे खेळ आणि त्यांची गाणी. ‘इथे इथे बस रे मोरा’ म्हणून तळहातावर बोट फिरवणारी आपली आजी फ्रोबेलची सहअध्यापिका होती. तिला आणि त्याला हे ठाऊक नव्हते एवढेच. या संपूर्ण पद्धतीत अक्षरलेखन नाही, हे मुद्दाम नोंदवतो. आज ज्याला ‘के. जी.’ म्हणतात तेथे चार वर्षांचे मूल रोज पानभर लिहिते.

फ्रोबेलच्या वाट्याला मोठा विचित्र अन्याय आला. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण असे, की या शाळा तरुणांना नास्तिक बनवतात! फ्रोबेलचा पुतण्या कार्ल समाजवादी विचारांचा होता आणि त्याच्या लिखाणाचे खापर काकाच्या माथी फुटले. ज्याने मुलाच्या चेंडूतही ईश्वर पाहिला त्याला नास्तिक ठरवण्यात आले. १८५२ मध्ये तो वारला. बंदी उठली १८६० मध्ये. परंतु दरम्यान जर्मनीतून परागंदा झालेली माणसे हा बगीचा परदेशी घेऊन गेली होती. अमेरिकेतील पहिले किंडरगार्टन मार्गारेट शुर्झ या जर्मन बाईंनी १८५६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन या गावी स्वतःच्या घरात सुरू केले. मुले किती? स्वतःची मुलगी आणि नात्यागोत्यातली काही. भाषा कोणती? जर्मन. बाहेरच्या मुलखात इंग्रजी चालत असताना घराच्या खोलीत मुले जर्मन गाणी म्हणत खेळत होती. अमेरिकेच्या बालशिक्षणाचा आरंभ एका स्थलांतरित आईने मातृभाषेतून केला, ही गोष्ट मंडळाच्या कार्यकारिणीने लक्षात ठेवावी.

मारिया मॉंटेसरी यांचे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या श्रद्धावान कॅथलिक होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले ‘बालगृह’ उघडले. त्या वैद्यकीय पदवीधर होत्या. त्यांची पद्धत निरीक्षणावर उभी आहे. परंतु मुलाच्या आत एक ईश्वरदत्त विकासशक्ती आहे, शिक्षकाने तिच्या आड येऊ नये, ही त्यांची धारणा शास्त्राइतकीच श्रद्धेतून आली होती. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासला आल्या, महायुद्धात इटली शत्रुराष्ट्र ठरले आणि त्या येथेच अडकल्या. १९४६ पर्यंत अड्यार व कोडाईकनाल येथे त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. म्हणजे या मालिकेतील त्याही काही काळ घरापासून दूर होत्या, आणि ते दूर असणे आपल्या देशात होते.

धर्मशिक्षणाचा प्रश्न त्यांच्या मार्गाने पुढे नेला तो रोमच्याच सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी या दोघींनी. काव्हालेत्ती हिब्रू धर्मग्रंथांच्या अभ्यासक, गोब्बी मॉंटेसरी शिक्षिका. १९५४ पासून त्यांनी तीन वर्षांवरील मुलांसाठी ‘उत्तम मेंढपाळाची शिकवण’ या नावाने ओळखला जाणारा उपक्रम बांधत नेला. खोली शांत, वस्तू मुलांच्या उंचीच्या. मेंढपाळाचा दृष्टान्त सांगायचा, लाकडी मेंढ्या, कुंपण आणि मेंढपाळ मुलाच्या हाती द्यायचे, आणि मग गप्प बसायचे. अर्थ सांगायचा नाही. ‘या मेंढ्या कोण असतील बरे?’ एवढे विचारायचे आणि मुलाबरोबर आपणही विचार करायचा. मोहरीचा दाणा हातावर ठेवून तो किती लहान आहे हे नुसते पाहायचे. उपदेशाचा मारा करणारे धर्मशिक्षण आपण सर्व धर्मांत पाहतो. लहान मुलाला ईश्वराशी स्वतःचे नाते असू शकते आणि ते नाते आपण त्याला देत नसतो, त्याला वाट मोकळी करून देतो, असे म्हणायला मोठी विनम्रता लागते.

आता महाराष्ट्राकडे येऊ. ख्रिस्ती धर्म मराठी माणसाकडे आला तो मराठी शिकून आला. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले ते ओवीत. ते १६१६ मध्ये छापले गेले. विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण सिद्ध केले आणि ते १८०५ मध्ये छापले ते बंगालमध्ये, श्रीरामपुरात. ज्यांच्याकडून आपण ‘कॉन्व्हेंट’ घेतले त्या धर्माच्या आद्य प्रचारकांना मराठीवाचून मराठी मुलाच्या मनाचे दार उघडत नाही, हे ठाऊक होते. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. आणि त्याविषयी आपल्या पूर्वजांनी घेतलेला आक्षेपही समजण्याजोगा आहे. परंतु भाषेच्या बाबतीत त्यांची दृष्टी आपल्यापेक्षा स्वच्छ होती.

या दोन धारा एका व्यक्तीत मिळाल्या, त्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तेथेच राहून त्यांनी फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास केला. संस्कृत शास्त्रांत पारंगत अशी ही विदुषी लहान मुलांबरोबर कागदाच्या घड्या आणि ठोकळे घेऊन बसली, हे चित्र मोठे अर्थपूर्ण आहे. त्याच काळात मराठी क्रमिक पुस्तकांची योजनाही त्यांनी आखली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले आणि तेथे किंडरगार्टनच्या तत्त्वांना स्थान दिले. १८९३ मध्ये सदनातील ख्रिस्ती प्रभावावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार समिती सोडली. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला एवढेच दाखवायचे आहे, की फ्रोबेलची देणगी मराठी मुलींच्या हातात आली ती एका मराठी ख्रिस्ती स्त्रीच्या हातून.

पुढचे पाऊल ख्रिस्ती नसलेल्या एका बाईंनी टाकले. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉंटेसरी पद्धतीने काम करीत होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. इटालियन बनावटीची महागडी साधने परवडत नव्हती. म्हणून शिंपले, बिया, गोटे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांच्या मागे कुरणातही गेली. ज्या तत्त्वज्ञानाचा उगम चर्चच्या परिसरात झाला, ते धर्म न बदलता, फक्त भाषा आणि साधने बदलून वारल्यांच्या अंगणात रुजले. विचार उचलावा कसा, याचा हा वस्तुपाठ आहे.

आपण नेमके उलटे केले. ताराबाईंनी गाभा घेतला आणि टरफल टाकले. आपण टरफल घेतले. गळ्यात टाय, पाठीवर दप्तर, तिसऱ्या वर्षी मुलाखत, चौथ्या वर्षी शंभरपर्यंतचे अंक. काही शाळांतून पालकांना सांगितले जाते, की घरीही इंग्रजीच बोला. आणि आपण ते ऐकतो! परप्रांतातील मराठी मुलाची अवस्था आधीच बिकट. रस्त्यावर एक भाषा, शाळेत दुसरी, घरात तिसरी. त्यातून घरातली भाषाही आईने कच्च्या इंग्रजीत बदलली, तर त्या मुलाजवळ मनातले बोलायला एकही पक्की भाषा उरत नाही. त्याचे आजी-आजोबा सुटीत भेटतात तेव्हा दोघांमध्ये हसण्याखेरीज संवाद नसतो. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. परंतु भाषेचे आयुष्य मांडीवर ठरते.

१९५३ मध्ये युनेस्कोच्या तज्ज्ञांनी मातृभाषा हेच आरंभीच्या शिक्षणाचे उत्तम माध्यम असल्याचा निर्वाळा दिला. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून खेळाला आणि घरच्या भाषेला महत्त्व दिले. कोमेनियसने जे निर्वासिताच्या झोपडीत लिहिले त्यावर उशिरा का होईना, शिक्कामोर्तब झाले. परंतु परप्रांतात मराठी शाळा प्रत्येक मोहल्ल्यात निघणार नाही, हे उघड आहे. म्हणून शाळेने काय करावे यापेक्षा आपण काय करू शकतो तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, पहिली सहा वर्षे घरात निर्भेळ मराठी. कोमेनियसचा सारा अभ्यासक्रम आपल्या स्वयंपाकघरात मांडलेला आहे. लाडू हा गोल, लाटणे ही वृत्तचिती, करंजी हे अर्धवर्तुळ, शंकरपाळे ही भूमिती. चकल्या मोजणे हे गणित, पीठ भिजवताना पाणी किती लागले हे विज्ञान, कोजागिरीचा चंद्र हे खगोल, आणि ‘आपले गाव कोणत्या नदीकाठी’ हा भूगोल. परात, झारा, उलथने, खलबत्ता हे शब्द मुलाच्या हाती त्या वस्तूंसकट द्या. इंग्रजी त्याला येईलच. शाळा, शेजार आणि जग मिळून ती शिकवतील. उलथने त्याला दुसरे कोणी शिकवणार नाही.

दुसरी गोष्ट, मंडळाने रविवारी सकाळी दोन तासांचा बालवर्ग चालवावा. त्यासाठी इमारत नको, अनुदान नको. शुर्झबाईंजवळ एक खोलीच होती. आरंभी बाराखडी गिरवू नये. गाणी, गोष्टी, मातीकाम, बोटांचे खेळ, आणि एका कुंडीत प्रत्येक मुलाचे एक रोप. अक्षरे मागाहून येतील आणि आनंदाने येतील. शिक्षक म्हणून सभासदांच्या घरी राहायला आलेले आजी-आजोबा बोलवावेत. दुपारी त्यांना बोलायला कोणी नसते आणि मुलांना ऐकायला कोणी नसते.

तिसरी गोष्ट, शाळा निवडताना निकालाचा तक्ता पाहू नका. वर्गातली जमीन पाहा. मुले तिच्यावर बसून काही करीत आहेत का? त्यांच्या हातांना माती लागली आहे का? शिक्षिका मुलाशी बोलताना खाली वाकते का? असे दिसले तर दारावर क्रूस असो वा सरस्वती, ती शाळा चांगली. ख्रिस्ती भगिनींच्या पुष्कळ शाळांत हे प्रेम आजही आढळते, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

चौथी गोष्ट श्रद्धेची. शाळेत मूल येशूची प्रार्थना म्हणते म्हणून काही पालक अस्वस्थ होतात. त्या अस्वस्थतेला उत्तर भांडणाने मिळत नाही. घरातल्या देवघराने मिळते. काव्हालेत्तींची रीत तेथे उपयोगी पडेल. मुलाला फूल वाहू द्या, निरांजनाची वात पाहू द्या, आणि अर्थ सांगण्याची घाई करू नका. ‘दिव्याला उजेड कुठून येतो?’ असे त्याने विचारले तर ‘तुला काय वाटते, बाळ?’ असे विचारून जरा थांबा.

मित्रहो, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तेही घरापासून दूर होते आणि आई दिवंगत झालेली होती. त्या पुस्तकातील आईची शाळा आणि कोमेनियसची मातृशाळा यांत तीनशे वर्षांचे आणि दोन धर्मांचे अंतर आहे, तरी दोन्हींचा पाठ एकच आहे. मूल आपल्याकडे ठेव म्हणून आले आहे. ठेव जशी मिळाली तशी, वाढवून, परत करायची असते. तिच्यावर आपल्या हौसेचा शिक्का मारायचा नसतो. ज्यांनी ‘के. जी.’ आणि ‘कॉन्व्हेंट’ हे शब्द आपल्याला दिले, त्यांच्यातील थोर माणसांनी एवढेच सांगितले होते. मंडळाच्या शताब्दीला या सभागृहात जे बोलतील ती आज मांडीवरची मुले आहेत. ती कोणत्या भाषेत बोलतील, हे येत्या चार-सहा वर्षांत आपल्या घरांतून ठरेल.